भाव बाहेरून आले, आकडा घरात ठरला: श्रीलंकेच्या महागाईचं प्रकरण (२०१९ ते २०२४)

सप्टेंबर २०२२ मध्ये कोलंबोचा ग्राहक किंमत निर्देशांक, म्हणजे रोजच्या वस्तूंच्या भावांवरून महागाई मोजणारा आकडा, वर्षभरापूर्वीच्या तुलनेत ६९.८ टक्क्यांनी वर होता. नुसत्या खाद्यपदार्थांचा आकडा होता ९४.९ टक्के. संपूर्ण २०२२ ची सरासरी काढली तर श्रीलंकेची महागाई ४६.४ टक्के भरते. त्याच वर्षी मॉरिशसची १०.८ टक्के होती आणि मालदीवची जेमतेम दोन-तीन टक्के. तिन्ही बेटांचे देश हिंदी महासागरातले. तिन्ही इंधन आणि धान्य बाहेरून आणतात, तिन्ही पर्यटकांच्या डॉलरकडे डोळे लावून असतात. युक्रेन युद्धानंतर तेल आणि गहू तिघांनाही महागच पडला.

मग एकाला दहा टक्के आणि दुसऱ्याला सेहेचाळीस, हे कसं? या प्रकरणात तेवढंच शोधायचं आहे. छोट्या, खुल्या अर्थव्यवस्थेत महागाई ‘आयात’ होते असं आपण सहज म्हणतो. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. व्यक्तींची नावं इथे मुद्दाम टाळली आहेत आणि निर्णय पदांच्या नावाने मांडले आहेत. एका-दोघांना खलनायक ठरवून मोकळं झालं की पुढचं काहीच शिकायला मिळत नाही.

पार्श्वभूमी

सव्वादोन कोटींच्या आसपास लोकसंख्येचा हा देश चहा, तयार कपडे आणि रबराच्या वस्तू विकतो. पेट्रोल-डिझेल, स्वयंपाकाचा गॅस, गहू, मसूर, दूधपावडर, औषधं, खत आणि अगदी कांदासुद्धा विकत घेतो. २०१९ मध्ये मालाची निर्यात सुमारे १२ अब्ज डॉलरची होती आणि आयात सुमारे २० अब्जांची. मधली ८ अब्जांची तूट दोन झरे भरून काढत. आखातात राबणारे लोक घरी पाठवत ते पैसे, आणि पर्यटन. जुनी कर्जं फेडायला मात्र नवी कर्जं लागत. २००७ पासून देश आंतरराष्ट्रीय बाजारात डॉलरचे रोखे विकत आला होता.

एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशी बॉम्बस्फोट झाले आणि पर्यटनाला पहिला तडाखा बसला. नोव्हेंबरमध्ये सत्ता बदलली. नव्या सरकारने आल्या आल्या कर कापले. मूल्यवर्धित कर १५ वरून ८ टक्क्यांवर आला. हा कर भरण्यासाठी नोंदणी करण्याची मर्यादा वर्षाला १.२ कोटी श्रीलंकन रुपयांच्या उलाढालीवरून थेट ३० कोटींवर गेली. हजारो व्यवसाय करजाळ्यातून एका झटक्यात बाहेर पडले. जीडीपीच्या तुलनेत करउत्पन्न सुमारे १२ टक्क्यांवरून ८ च्या आसपास घसरलं. तीन महिन्यांत कोविड आला. २०२० संपायच्या आत पतमानांकन संस्थांनी देशाची पत इतकी खाली आणली की नवे डॉलर रोखे विकण्याचा रस्ताच बंद झाला.

अडचण

सरकारचा खर्च तसाच, करउत्पन्न तिसऱ्या हिश्श्याने कमी, आणि परदेशातून उधारी बंद. देशातल्या बँकांकडून कर्ज घ्यायचं तर व्याजदर चढू द्यावे लागले असते, तेही नको होतं. म्हणून लिलावात न खपलेली ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रं, मध्यवर्ती बँक नवा पैसा छापून स्वतःच घेऊ लागली. २०१९ च्या अखेरीस तिच्याकडे १०० अब्ज रुपयांच्या आतली बिलं-रोखे होते. २०२१ च्या अखेरीस हा आकडा १,४०० अब्जांच्या घरात गेला.

नोटा छापल्याने महागाई होते, हे वाक्य एवढ्यावर थांबलं तर फसवं ठरतं. कारण सुरुवातीला ती झालीच नाही. २०२० मध्ये सरासरी महागाई ४.६ टक्के होती, २०२१ मध्ये ६ टक्के. छापलेल्या पैशाचा आणि महागाईचा थेट संबंध नाही, असं मध्यवर्ती बँकेतून जाहीरपणे सांगितलं जात होतं, आणि आकडेही तेच सांगत होते.

खुल्या अर्थव्यवस्थेत तो पैसा आधी किंमतींत दिसत नाही, तो आयातीत दिसतो. सरकारने पगार, बिलं आणि व्याज भागवलं की ते रुपये लोकांच्या हातात येतात. लोक खर्च करतात, आणि त्या खर्चातला मोठा भाग बाहेरच्या मालावर जातो. डॉलरची मागणी वाढते. रुपया घसरू द्यायचा नसेल तर मध्यवर्ती बँकेला गंगाजळीतून, म्हणजे परकी चलनाच्या साठ्यातून, डॉलर विकावे लागतात. डॉलर विकले की तेवढे रुपये बाजारातून तिच्याकडे परत येतात, बँकांकडे रोख कमी पडते, व्याजदर चढायला लागतात. व्याजदर चढू द्यायचे नाहीत म्हणून बँक पुन्हा पैसा ओतते. तो पुन्हा आयातीकडे वाहतो. गंगाजळी शिल्लक आहे तोवर हे चक्र फिरत राहतं आणि महागाईचा आकडा शांत दिसतो. भाववाढ थांबलेली नसते, तिची किंमत डॉलरच्या रूपात आधीच चुकवली जात असते.

गंगाजळीकडे पाहिलं की हे उघड दिसतं. २०१९ च्या अखेरीस ७.६ अब्ज डॉलर, २०२० च्या अखेरीस ५.७, २०२१ च्या अखेरीस ३.१. या शेवटच्या आकड्यात चीनच्या मध्यवर्ती बँकेशी झालेल्या चलनाच्या अदलाबदलीतलं सुमारे दीड अब्ज डॉलरचं युआन (चीनचं चलन) धरलेलं होतं आणि ते सहजासहजी वापरता येणारं नव्हतं. म्हणजे हातातले खरे डॉलर दीड अब्जांच्या आसपास, आणि महिन्याची आयात त्याहून जास्त.

याच काळात एप्रिल-मे २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आली. सेंद्रिय शेतीचं कारण दिलं गेलं. डॉलर वाचवण्याचा हेतू लपून राहिला नाही. सहा महिन्यांत बंदी मागे घ्यावी लागली, पण तोवर भाताचा हंगाम हातचा गेला होता. जो देश तांदळाच्या बाबतीत जवळपास स्वयंपूर्ण होता, त्याला आता तांदूळही आयात करावा लागला.

समोर असलेले पर्याय

पहिला निर्णायक क्षण सप्टेंबर २०२१ चा. मध्यवर्ती बँकेत नवे गव्हर्नर आले तेव्हा अधिकृत दर डॉलरला २०० ते २०३ रुपये होता आणि काळ्या बाजारात तो त्याहून बराच वर होता. दूधपावडर, गॅस, साखर यांच्या किंमती सरकारने बांधून ठेवल्या होत्या. परिणामी आयातदार माल आणायला तयार नव्हते आणि दुकानांत फळ्या रिकाम्या होत्या. ऑगस्टअखेरीस अन्नपुरवठ्यासाठी आणीबाणीचे नियम लागू झाले होते.

एक पर्याय होता दर धरून ठेवण्याचा. आयातीवर निर्बंध घालायचे, निर्यातदारांना डॉलर बँकेत मोडायला लावायचे, मित्रदेशांकडून उसने डॉलर आणायचे आणि पर्यटन परत येईपर्यंत तग धरायचा. दुसरा, रुपया हळूहळू घसरू द्यायचा आणि त्याच्या जोडीला व्याजदर जोरात वाढवायचे. तिसरा, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे (आयएमएफ) जाऊन कर्जाची फेररचना, म्हणजे फेडीच्या अटी बदलून, मागायची.

पहिल्या पर्यायाच्या बाजूने जे बोलत होते ते मूर्ख नव्हते, हे इथे नोंदवायला हवं. रुपया घसरला तर पेट्रोल, गॅस, औषधं त्याच दिवशी महागणार हे उघड होतं. डॉलरमधलं कर्ज रुपयात फुगणार होतं. देशाने तोवर परदेशी कर्ज एकदाही बुडवलेलं नव्हतं आणि त्या नावाला किंमत होती. पर्यटकही खरोखरच परतू लागले होते. फक्त त्यांत रशिया आणि युक्रेनमधून येणाऱ्यांचं प्रमाण मोठं होतं, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये काय वाढून ठेवलंय हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मग या पर्यायात खोट कुठे होती? दर धरणं आणि पैसा ओतत राहणं या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. दर धरायचाच तर छपाई थांबवून व्याजदर वाढवायला हवे होते. छापायचंच असेल तर दर सोडायला हवा होता. कोलंबोत दोन्ही एकाच वेळी चालू राहिलं. ऑगस्ट २०२१ मध्ये धोरणदर, म्हणजे मध्यवर्ती बँक ठरवते तो व्याजदर, अर्धा टक्का वाढला, पुढची अर्ध्या टक्क्याची वाढ थेट जानेवारीत झाली.

काय केलं गेलं

१ ऑक्टोबर २०२१ ला मध्यवर्ती बँकेचा सहा महिन्यांचा आराखडा जाहीर झाला. दर २०३ च्या आतच राहिला. त्याचा सर्वात मोठा फटका मायदेशी येणाऱ्या पैशाला बसला. दुबईत काम करणाऱ्याला बँकेत २०३ रुपये मिळत होते आणि बँकेबाहेरून पैसे पोचवणाऱ्या हुंडीवाल्याकडे त्याहून कितीतरी जास्त. सरकारने डॉलरमागे दहा रुपयांचं प्रोत्साहन दिलं, ते पुरेसं नव्हतं. २०२० मध्ये बँकांमार्फत ७.१ अब्ज डॉलर आले होते, २०२१ मध्ये ५.५ अब्ज आणि २०२२ मध्ये ३.८ अब्ज. ही माणसं कामं सोडून परतली नव्हती, पैसेही घरी पाठवत होती. फक्त ते डॉलर आता बँकेच्या दारातून आत येत नव्हते. रुपया वाचवण्यासाठी धरलेल्या दरानेच डॉलर पळवून लावले.

ऑक्टोबरमध्ये गॅस, दूधपावडर आणि गव्हाच्या पिठावरचं किंमत-नियंत्रण उठवलं. साडेबारा किलोचा सिलिंडर १,५०० रुपयांच्या आतून एकदम पावणेतीन हजारांच्या आसपास गेला. दाबून ठेवलेली महागाई इथे पहिल्यांदा निर्देशांकात उतरली. डिसेंबरमध्ये आकडा १२.१ टक्के होता. युद्ध सुरू व्हायला अजून दोन महिने होते, ही तारीख लक्षात ठेवायला हवी.

दुसरा निर्णायक क्षण जानेवारी २०२२ चा. ५० कोटी डॉलरचे रोखे १८ तारखेला फेडायचे होते. बंदरात डॉलरअभावी अन्नधान्याचे शेकडो कंटेनर अडकलेले होते. कर्ज थांबवून माल सोडवा, असं देशातले अनेक अर्थतज्ज्ञ उघडपणे म्हणत होते. सरकारने रोखे फेडले. धनको खूश झाले असतील, पण बाजाराचा विश्वास त्याने परत आला नाही, कारण पुढचा हप्ता कुठून येणार हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

तिसरा क्षण मार्च-एप्रिल २०२२. ७ मार्चला बँकेने रुपया २३० पर्यंत जाऊ द्यायचं ठरवलं, काही दिवसांत तीही मर्यादा सुटली. एप्रिलमध्ये रुपयाने ३०० ओलांडले, मेच्या मध्यापर्यंत तो ३६० च्या आसपास पोहोचला. मार्चअखेरीस रोज तेरा-तेरा तास वीज नव्हती. कागद नाही म्हणून पश्चिम प्रांतात शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या गेल्या आणि काही वृत्तपत्रांनी छपाई थांबवली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गव्हर्नर बदलले. ८ एप्रिलला धोरणदर एका बैठकीत ७ अंकांनी वाढवून बँकांना कर्ज देण्याचा दर साडेसात टक्क्यांवरून साडेचौदावर नेला. १२ एप्रिलला परदेशी कर्जाची फेड थांबवल्याची घोषणा झाली. गंगाजळीतले वापरता येण्याजोगे डॉलर तेव्हा ५ कोटींच्याही खाली होते.

हिशेब: बाहेरचं किती, घरातलं किती

एक डॉलर किमतीची वस्तू घ्या. २०३ च्या दराने ती २०३ रुपयांना पडते. दर ३६० झाला की जगात तिची किंमत जराही न बदलता ती ३६० ला पडते, म्हणजे ७७ टक्के महाग. आता जगातही ती २० टक्क्यांनी महागली असं धरा. मग ती ४३२ ला पडते, एकूण वाढ ११३ टक्के. जगाने वीस टक्के दिले, बाकीचं रुपयाच्या घसरणीने. वाहतूक, कर आणि दुकानदाराचा नफा वगळलेला हा ढोबळ हिशेब आहे, पण प्रमाण समजायला पुरेसा आहे.

पेट्रोलचं पाहा. ९२ ऑक्टेनचं लिटर डिसेंबर २०२१ मध्ये १७७ रुपये होतं, मे २०२२ मध्ये ४२० आणि जूनअखेरीस ४७०. कच्चं तेल त्या काळात महागलं होतं, पण इतक्या पटीत नव्हे. डिझेल महागलं की भाजीचा ट्रक महागतो, मच्छीमाराची होडी महागते. म्हणून पूर्णपणे देशात पिकलेली भाजीसुद्धा आयात केल्यासारखी महाग झाली, त्यात खतबंदीने आधीच घटवलेलं पीक. खाद्यपदार्थांचा आकडा एकूण निर्देशांकाच्या इतका पुढे का गेला, त्याचं उत्तर इथे आहे.

मालदीवचं काय? तिथेही डॉलरचा दर बांधलेला आहे आणि इंधनावर सरकारी अनुदान आहे. म्हणून लोकांच्या खिशाला झळ कमी बसली. ते बिल सरकारी हिशेबात जाऊन बसलं आणि २०२४ मध्ये त्या देशाला डॉलरसाठी भारतीय रिझर्व्ह बँकेकडून अदलाबदलीची सोय घ्यावी लागली. कमी महागाई म्हणजे शहाणं धोरण असं म्हणण्याची घाई म्हणूनच नको.

निष्पत्ती

महागाई एप्रिलमध्ये २९.८ टक्के होती, जूनमध्ये ५४.६ आणि सप्टेंबरमध्ये ६९.८. व्याजदर वाढवून पाच महिने झाले तरी आकडा चढतच होता, आणि त्याबद्दल नव्या गव्हर्नरांवर भरपूर टीका झाली. टीकेत तथ्य कमी होतं. रुपया आधीच घसरलेला होता आणि त्याचा भार किंमतींत उतरायला वेळ लागत होता. त्यातच सरकारने वीज ऑगस्टमध्ये सरासरी ७५ टक्क्यांनी महाग केली आणि मूल्यवर्धित कर ८ वरून आधी १२, मग १५ टक्क्यांवर नेला. दबलेल्या किंमती मोकळ्या करायच्या तर आकडा वर जाणारच.

जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले. भारताने वर्षभरात सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत उधारी, इंधन आणि अदलाबदलीच्या रूपात दिली. तिच्याशिवाय रांगा किती लांबल्या असत्या, याची कल्पनाही नकोशी वाटते. नाणेनिधीशी अधिकारी पातळीवरचा करार १ सप्टेंबर २०२२ ला झाला आणि सुमारे ३ अब्ज डॉलरच्या कार्यक्रमाला अंतिम मंजुरी मिळाली ती २० मार्च २०२३ ला. त्या वर्षीच्या जुलैत महागाई ६.३ टक्क्यांवर आणि सप्टेंबरमध्ये १.३ टक्क्यांवर आली.

हा आकडा कौतुकाने सांगितला जातो, तेव्हा थोडं थांबायला हवं. १०० रुपयांचा बाजार आधी १७० चा झाला आणि मग १७२ वर थांबला, एवढाच त्याचा अर्थ. भाव उतरले नाहीत, फक्त धावायचे थांबले. पगार मात्र १७० झाले नव्हते. २०२२ मध्ये अर्थव्यवस्था ७ टक्क्यांहून अधिक आकसली आणि जागतिक बँकेच्या अंदाजानुसार गरिबी वर्षभरात जवळपास दुप्पट झाली.

सप्टेंबर २०२३ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने मध्यवर्ती बँकेला सरकारची बिलं थेट विकत घ्यायला बंदी घातली आणि त्याच कायद्याखाली ५ टक्क्यांचं महागाईचं लक्ष्य ठरलं. या कायद्याची परीक्षा लगेच झाली, आणि तीही नाशिक-लासलगावच्या मार्गाने. ८ डिसेंबर २०२३ ला भारताने कांदा निर्यात बंद केली. श्रीलंका हा आपल्या कांद्याचा मोठा गिऱ्हाईक. तिथे मोठ्या कांद्याला ‘बॉम्बे’ कांदाच म्हणतात. आपल्याकडे कांदा उत्पादकांनी बाजार समित्या बंद पाडल्या, तिकडे कांद्याचे भाव भडकले. जानेवारीत मूल्यवर्धित करही १८ टक्क्यांवर गेला. महागाई जानेवारी २०२४ मध्ये ६.४ टक्के झाली आणि मार्चमध्ये ०.९ वर परतली. बाहेरचा धक्का तसाच होता, पण या वेळी त्याच्या मागे छापलेला पैसा नव्हता आणि रुपया स्थिर होता. कांदा महागला, एवढंच झालं.

वेगळं काय करता आलं असतं

करकपात मागे घेणं हा सगळ्यात स्वस्त उपाय होता. २०२० च्या उत्तरार्धात कोविडचं कारण पुढे करून ती अर्धी तरी मागे घेता आली असती. निवडणुकीच्या आश्वासनाला वर्षभराच्या आत हात लावणं अवघड असतं हे मान्य. पण तेव्हाचा अवघडपणा आणि नंतर ८ टक्क्यांचा कर १८ वर नेण्याचा अवघडपणा यांची तुलना करून पाहा.

दुसरा मुद्दा क्रमाचा, आणि माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. मार्च-एप्रिल २०२२ मध्ये जे चार निर्णय झाले, म्हणजे रुपया सोडणं, व्याजदर वाढवणं, कर्जफेड थांबवणं, नाणेनिधीकडे जाणं, ते चारही बरोबर होते. पण रुपया आधी सोडला आणि व्याजदर जोरात वाढवला तो महिनाभराने. साडेसात टक्के व्याज मिळणाऱ्या रुपयाची किंमत आणखी पडणार हे दिसत असताना तो कोण हातात ठेवेल? निर्यातदारांनी डॉलर दाबून ठेवले आणि आयातदारांनी आगाऊ खरेदीची घाई केली. तेच निर्णय उलट्या क्रमाने, आधी कर्जफेड थांबवून आणि व्याजदर वाढवून मग रुपया सोडून झाले असते, आणि गंगाजळीत तीन-चार अब्ज शिल्लक असताना, २०२१ च्या मध्याला झाले असते, तर रुपया घसरलाच असता. तो ३६० पर्यंत गेला असता असं मला वाटत नाही. अर्थात हे सिद्ध करता येत नाही.

किंमत-नियंत्रणाबद्दल मी तितका ठाम नाही. गॅस आणि दूधपावडर बांधलेल्या भावात देऊन गरिबांना काही महिने आधार मिळाला, असं म्हणणारे आहेत. पण बांधलेल्या भावात माल मिळतच नव्हता. जो रांगेत उभा राहू शकतो त्याला मिळायचा, रोजंदारीवर जाणाऱ्याला नाही. त्याऐवजी तेवढीच रक्कम थेट गरीब कुटुंबांच्या खात्यात देता आली असती, त्यासाठी लाभार्थ्यांची धड यादी मात्र हवी होती. ती यादी नव्याने करून ‘अस्वेसुम’ ही रोख मदतीची योजना सुरू झाली २०२३ च्या उत्तरार्धात, महागाईने शिखर गाठल्याला तोवर जवळपास वर्ष होत आलं होतं.